बिनतिकिटाचा रंगमंच : वऱ्हाडातील खुला प्रयोग आणि गाडगेबाबांचे कीर्तन

१

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आरंभबिंदू म्हणून १८४३ हे वर्ष घेण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला. पुढे १८५३ मध्ये त्यांच्या मंडळीने मुंबईत तिकीट लावून खेळ केले. या दोन घटनांच्या दरम्यान मराठी नाटक राजाश्रयातून लोकाश्रयाकडे आले, असे इतिहासकार म्हणतात. यातील 'लोकाश्रय' हा शब्द जपून वाचावा लागतो. व्यवहारात त्याचा अर्थ 'तिकीट काढू शकणाऱ्यांचा आश्रय' एवढाच होता. तिकिटाबरोबर बंदिस्त नाट्यगृह आले, नाट्यगृहाबरोबर ठरलेली वेळ व ठरलेली जागा आली, आणि पुढे छापील संहिता आली. नाट्यगृह, तिकीट आणि संहिता या तीन गोष्टींनी 'नाटक' या संकल्पनेची जी चौकट घडवली, तीच इतिहासलेखनाचीही चौकट ठरली.

या चौकटीबाहेर जे उरले त्याची वाटणी दोन कप्प्यांत झाली. दंडार, खडी गंमत, गोंधळ, भारूड हे 'लोककला' या सदरात गेले. कीर्तन आणि भजन हे 'संतपरंपरा' या सदरात गेले. पहिल्या कप्प्याला काळ नसतो, तो 'पूर्वापार' असतो. दुसऱ्या कप्प्याला काळ असतो, पण रूप नसते. तेथे उपदेशाचा आशय तेवढा नोंदला जातो. परिणामी ज्या प्रदेशाचा रंगव्यवहार मुख्यतः मैदानात, यात्रेत आणि नदीकाठी विनामूल्य चालला, त्या प्रदेशाला रंगभूमीचा इतिहासच नाही असा समज दृढ होतो. अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या वऱ्हाडाबाबत हे विशेषत्वाने घडले आहे.

या समजाची तपासणी करण्यासाठी गाडगेबाबांचे कीर्तन हे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुमारे पाच दशके एका निरक्षर माणसाने उघड्या मैदानात, हजारोंच्या समुदायापुढे, एक पैसाही न घेता हा प्रयोग केला. त्याच्या आशयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रूपाविषयी फार थोडे. आणि त्याच्या 'विनामूल्य' असण्याकडे केवळ वैराग्याचा पुरावा म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत विवेचनाचा रोख असा की, मोल न घेणे हा या प्रयोगाच्या रचनेचाच भाग होता. ते तत्त्व काढून घेतले तर उरलेला प्रयोग उभा राहत नाही.

२

गाडगेबाबांपूर्वीही वऱ्हाडात आणि एकूण विदर्भात खुल्या प्रयोगांची वाण नव्हती. दंडारीत पुरुषच स्त्रीवेश घेत, गाणी आणि सोंगे यांची गुंफण रात्रभर चाले. शाहिरी परंपरेतील कलगी आणि तुरा या पक्षांचे फड डफ-तुणतुण्याच्या साथीने एकमेकांना सवाल टाकीत आणि जबाबाची वाट पाहत. घराघरांत गोंधळ होई, देवळापुढे भारूड होई. यांपैकी कशालाही तिकीट नव्हते. तेव्हा 'विनामूल्य खुला रंगमंच' ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नव्हती.

परंतु विनामूल्य म्हणजे विनाअट नव्हे. या प्रयोगांचा खर्च कोणी तरी करीतच असे. गावच्या पाटलाने दिलेली बिदागी, यात्रेसाठी घरटी काढलेली वर्गणी, प्रेक्षकांतून पडणारी ओवाळणी, सुगीत मिळणारे धान्य अशी त्याची साधने होती. जो खर्च करी त्याचा मान प्रयोगात उमटे. त्याचे नाव घेतले जाई, त्याला पुढची जागा मिळे, त्याच्या सोयीने खेळ सुरू होई. जातींची उतरंड बैठकीच्या रचनेत जशीच्या तशी दिसे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनी लांबून पाहायचे, हा संकेत मोडण्याचे कारण कोणाला वाटत नसे. मैदानाला भिंती नव्हत्या. पण बसणाऱ्याला आपली रेघ कुठवर आहे हे ठाऊक होते. तिकिटाच्या नाट्यगृहात दर्जा पैशाने ठरे, मैदानात तो जन्माने ठरे. दोन्ही ठिकाणी जागा ही दर्जाची खूण होती.

हरिदासी किंवा नारदीय कीर्तनाची स्थितीही याहून फार वेगळी नव्हती. त्याची रचना बांधीव होती. आधी नमन, मग निरूपणाचा अभंग घेऊन पूर्वरंग, मध्यंतरी नामगजर आणि शेवटी आख्यान सांगणारा उत्तररंग, असा तिचा क्रम होता. पेटी-तबल्याची साथ, गायनाची तालीम आणि संस्कृत-प्राकृत वचनांचा साठा या कीर्तनकाराला आवश्यक असे. शेवटी आरतीचे ताट फिरे. ताटात पैसा टाकण्याची सक्ती नव्हती. पण ताट फिरत असे. ज्ञान आणि मोल या दोन्हींचा प्रवाह ठरलेला होता : ज्ञान मंचावरून खाली येई आणि मोल खालून वर जाई.

३

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाकडे पाहिल्याशिवाय पुढील घडामोडींचा अर्थ लागत नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. या अर्धशतकात रेल्वे आली, आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला मागणी वाढली. अकोला, अमरावती, खामगाव ही कापसाची पेठ झाली. पैसा आला, पण तो शेतकऱ्याच्या हाती टिकला नाही. नगदी पिकाबरोबर नगदी कर्जही आले, आणि साहुकाराच्या वहीत जमिनी अडकू लागल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी ही अवस्था अधिक बिकट केली.

पेठेच्या पैशातून शहरी नाटक उभे राहिले. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांची 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभी' ही नाटके मराठी रंगभूमीच्या इतिहासात सुप्रतिष्ठित आहेत. 'रणदुंदुभी' १९२७ मध्ये बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले आणि मास्टर दीनानाथांच्या पदांनी ते महाराष्ट्रभर गाजले. वऱ्हाडच्या नाट्येतिहासाचा उल्लेख होतो तो बहुधा या नावापाशी सुरू होतो. राष्ट्रीय आशयाचे हे नाटक वऱ्हाडी लेखकाचे होते. पण त्याची भाषा आणि त्याचा प्रेक्षक वऱ्हाडातील कास्तकाराच्या आवाक्यातला नव्हता.

वासाहतिक सत्तेने नाटकाची जी व्याख्या केली तीही येथे उद्बोधक आहे. बंगालमधील राजकीय नाटकांच्या पार्श्वभूमीवर १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा झाला. राजद्रोही किंवा बदनामीकारक प्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. याच कायद्यातील एका कलमाने धार्मिक उत्सवांतील जत्रा व तत्सम प्रयोग यांना मात्र वगळले होते. हा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, पण त्याने आखलेली रेषा समीक्षेत टिकून राहिली. धोकादायक असू शकते ते 'नाटक' आणि निरुपद्रवी असते ती 'जत्रा', अशी ती रेषा होती. हा कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. मात्र कायद्याने निरुपद्रवी ठरवलेल्या जत्रेच्या मैदानातच डेबूजींनी पुढे आपला प्रयोग मांडला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

४

डेबूजींचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आजोळी गेले. मामाची जमीन साहुकाराच्या कर्जात गेली, ही घटना त्यांच्या सर्व चरित्रकारांनी नोंदली आहे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा, आणि अन्नपाण्यासाठी मडक्याचा तुकडा. या 'गाडग्या'वरून लोकांनी त्यांना नाव दिले. या वेशाची चर्चा साधुत्वाच्या संदर्भात होते. प्रयोगाच्या संदर्भात पाहिले तर भगवे नाही, पांढरे धोतर-पागोटे नाही, वीणा नाही, अशा प्रकारे कीर्तनकाराच्या परिचित वेशातील एकेक खूण त्यांनी वगळलेली दिसते. प्रेक्षकाला दिसे तो त्याच्याहून गरीब असलेला माणूस.

कीर्तनाचा आरंभ गजराने होत नसे. तो सकाळीच खराट्याने झालेला असे. गाडगेबाबा गावात येत, कोणाशी न बोलता रस्ते व गटारे झाडू लागत. पुष्कळांना हा कोण ते ठाऊक नसे. हळूहळू माणसे सामील होत. ज्या मैदानात रात्री बसायचे ते मैदान दिवसा गावाने मिळून झाडलेले असे. ही कृती उपदेशाची पूर्वतयारी नव्हती. नारदीय कीर्तनातील पूर्वरंगाची जागा तिने घेतली होती. निरूपणाचा विषय शब्दांनी मांडण्याऐवजी तो शरीराने मांडला जाई, आणि तो प्रेक्षकांच्याही शरीराने. झाडणे हे काम ज्या जातींच्या माथी मारले होते त्यांच्यापासून ते सुटून सर्वांचे होई. रात्री त्या जमिनीवर बसणारा माणूस तिकीट काढून आलेला नसे. त्याने आपली बसण्याची जागा श्रमाने मिळवलेली असे. कोणाची जागा कोणती, हा जुना संकेत इथे सैल पडे, कारण ती जमीन सकाळी सर्वांनी मिळून हाताळलेली असे.

रात्रीच्या प्रयोगाचा कणा प्रश्नोत्तरांचा होता. 'देवकीनंदन गोपाला' हा गजर मधूनमधून येई. तो समुदायाला एका लयीत आणी आणि दोन प्रश्नमालिकांमधला श्वासही देई. तुकोबांचे अभंग येत, कबीराची वचने येत. पण त्यांचे निरूपण होत नसे, ती प्रश्नाला आधार म्हणून वापरली जात. गाडगेबाबा वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकीत. देव कुठून आणला, किती रुपयांना आणला, त्याला कोणी घडवला, तो स्वतःवरची माशी तरी हाकलतो काय, अशी ती मालिका असे. समुदाय एका आवाजात उत्तर देई. प्रत्येक उत्तर होकाराचे किंवा नकाराचे, एकाच शब्दाचे असे. पण चार-सहा उत्तरांनंतर ऐकणारा स्वतःच्याच तोंडून निघालेल्या निष्कर्षासमोर येऊन उभा राही. सत्यनारायणाच्या कथेतील बुडालेले जहाज प्रसादाने वर येते, तर लढाईत समुद्रात बुडालेली जहाजे वर काढायला ही पूजा का लावू नये, हा त्यांचा सवाल पोथीची भाषा न सोडता पोथी उलटी करी. त्यावर हशा होई. त्या हशात पोथी ऐकणारा आणि पोथी सांगणारा यांच्यातील अंतर मोडून पडे.

या तंत्राचे मूळ शोधताना युरोपीय तत्त्वज्ञानातील संवादपद्धतीकडे जाण्याची घाई केली जाते. वऱ्हाडात त्याचा जवळचा आधार उपलब्ध होता. कलगी-तुऱ्याच्या फडातील सवाल-जबाब ऐकत वाढलेल्या समुदायाला प्रश्न हा रंजनाचा प्रकार म्हणून परिचित होता. तेथे दोन फड एकमेकांना विचारीत आणि लोक ऐकत. गाडगेबाबांनी दुसरा फड काढून टाकला व त्याच्या जागी लोकांनाच बसवले. परंपरेतील रूप घेऊन त्यातील भूमिकांची फेरवाटणी करणे, हीच या प्रयोगाची नवी गोष्ट होती.

येथे मोलाचा प्रश्न पुन्हा येतो. गाडगेबाबा बिदागी घेत नसत, आरतीचे ताट फिरवीत नसत, पाया पडू देत नसत, आणि कीर्तन ज्याच्याकडे असेल त्याच्या पंगतीला न बसता दुसरीकडून भाकर मागून खात. या प्रत्येक नकाराला रचनेच्या दृष्टीने काम होते. ज्याने बिदागी दिली त्याला 'तू कर्ज काढून लग्न का केलेस' असा प्रश्न भर मैदानात विचारता येत नाही. पाया पडणाऱ्याला उत्तर देता येत नाही. तो फक्त मान डोलावतो. यजमानाच्या घरी जेवलेला कीर्तनकार यजमानाचा ठरतो. प्रश्नोत्तरांचा हा रंगमंच चालायचा तर विचारणारा कोणाचाही देणेकरी असता कामा नये. कर्जाने पिचलेल्या प्रदेशात, कर्ज काढून सणवार करू नका असे सांगणाऱ्याने स्वतः प्रेक्षकाचे ऋण न ठेवणे हा त्या वाक्याचा अर्थच होता. वऱ्हाडात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तेथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते, आणि गाडगेबाबांच्या सेवेचे ते वर्षानुवर्षांचे ठिकाण होते. स्थळनामातील धार्मिक ऋणाला त्यांच्या कीर्तनाने साहुकाराच्या ऋणाचा अर्थ जोडला, असे म्हणण्यास जागा आहे.

पैसा त्यांच्याकडे येत नव्हता असे मात्र नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर येथील धर्मशाळा लोकांच्या देणग्यांतूनच उभ्या राहिल्या. पण तो पैसा प्रयोगाचे मोल म्हणून आला नाही आणि कीर्तनकाराकडे थांबला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, आणि १९५२ मध्ये संस्थांचा कारभार गाडगे महाराज मिशनकडे गेला. मोलाचा जो प्रवाह नारदीय कीर्तनात खालून वर जात होता, तो येथे आडवा झाला. प्रेक्षकाकडून निघालेला पैसा दुसऱ्या, बहुधा अनोळखी माणसाच्या निवाऱ्याकडे गेला.

५

कीर्तनाला रंगप्रयोग म्हणावे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. नट भूमिका घेतो. कीर्तनकार स्वतःच्या श्रद्धेने बोलतो. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु गाडगेबाबांच्या कीर्तनात भूमिका आहे. आपण अडाणी आहोत, आपल्याला काही कळत नाही, म्हणून विचारतो आहोत, ही त्यांची मुद्रा साक्षात निरक्षरतेतून आली असली तरी प्रयोगात ती जाणीवपूर्वक वापरलेली आहे. नवस बोलणारी बाई, बोकड कापणारा भक्त, तगादा लावणारा साहुकार यांचे आवाज ते क्षणभर धारण करीत आणि सोडून देत. भारुडातील सोंगाचा हा संक्षेप आहे. रंगप्रयोग ठरण्यासाठी वेशांतर आणि पडदा आवश्यक नाहीत, हे आधुनिक रंगविचाराने मान्य केलेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या प्रश्नोत्तरांत समुदायाला खरोखर स्वातंत्र्य होते काय? प्रश्न असे रचलेले की उत्तर एकच निघावे. असहमतीचा आवाज या प्रयोगात कुठे येतो? त्याचे प्रामाणिक उत्तर हेच की, तो क्वचितच येतो. प्रश्न विचारण्याचा अधिकार अखेरपर्यंत एकाच माणसाकडे राहिला. स्त्रिया मोठ्या संख्येने ऐकायला येत, परंतु प्रश्नकर्ता पुरुषच होता. या प्रयोगाने प्रेक्षकाला बोलते केले, पण विचारते केले नाही. त्याची थोरवी मान्य करताना ही मर्यादाही नोंदली पाहिजे.

याच प्रदेशातील दुसऱ्या खुल्या प्रयोगाशी तुलना केली की ती अधिक स्पष्ट होते. अमरावती जिल्ह्यातीलच यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनाला सामुदायिक रूप दिले, आणि १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यांच्या प्रयोगाचा कणा प्रश्न नव्हता, ताल होता. खंजिरीच्या ठेक्यावर हजारो माणसे एका सुरात गात; सामुदायिक प्रार्थनेत रांगा, वेळ, शिस्त यांना महत्त्व होते. १९४२ मध्ये या भजनांच्या सामर्थ्याची दखल घेऊन सरकारने त्यांना कारावासात ठेवले. जत्रा निरुपद्रवी असते, हा १८७६ च्या कायद्याचा समज त्या सरकारनेच अशा रीतीने खोटा ठरवला. गाडगेबाबांच्या मैदानात समुदाय उत्तर देई. तुकडोजींच्या मैदानात समुदाय गाई. एकाने संवादाचे तर दुसऱ्याने वृंदाचे रूप घडवले. दोन्ही प्रयोग विनामूल्य होते. दोन्हींत प्रेक्षक हाच घटक नट झाला. अवघ्या एका जिल्ह्यात, जवळजवळ एकाच काळात, खुल्या रंगमंचाची दोन भिन्न व्याकरणे तयार झाली, ही गोष्ट कोणत्याही नाट्येतिहासाने आवर्जून नोंदवावी अशी आहे.

झाडीपट्टीचे उदाहरण या संदर्भात उपयोगी आहे. पूर्व विदर्भात दंडारीच्या भूमीवर पुढे नाट्यमंडळ्या वाढल्या. देसाईगंज (वडसा) हे त्यांचे केंद्र झाले, आणि शंकरपटाच्या हंगामात मंडपातील तिकिटाची नाटके हा तेथील मोठा व्यवसाय ठरला. तेथे मैदानाने तिकीट स्वीकारले आणि रंगभूमी म्हणून मान्यता मिळवली. वऱ्हाडात मैदानाने तिकीट नाकारले आणि रंगभूमी या नावालाच ते मुकले.

६

विनामूल्य खुल्या रंगमंचाचा प्रश्न केवळ वऱ्हाडचा नाही. न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पॅप यांनी शेक्सपिअरची नाटके सेंट्रल पार्कमध्ये मोफत करण्याचा उपक्रम हाती घेतला. १९५९ मध्ये उद्यानांचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी अट घातली की, प्रेक्षकांमुळे गवत खराब होते, त्याची भरपाई करायला तिकीट लावा. पॅप न्यायालयात गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि १९६२ मध्ये त्याच उद्यानात कायमचे खुले नाट्यगृह उभे राहिले. मैदान कोणाचे आणि ते राखण्याचा खर्च कोणाचा, हाच तेथेही वाद होता. तेथे त्याचे उत्तर नगरपालिका व देणगीदार यांच्या पैशाने दिले. वऱ्हाडात ते खराट्याने दिले गेले. पहिल्या उत्तरात प्रेक्षक लाभार्थी राहतो, दुसऱ्यात तो मैदानाचा राखणदार होतो.

कोलकात्यात बादल सरकार यांनी १९७० च्या दशकात नाट्यगृह सोडून अंगणात आणि बागेत प्रयोग सुरू केले. तिकिटाऐवजी ऐच्छिक देणगी घेतली. नट-प्रेक्षक यांतील अंतर हे पैशाच्या व्यवहाराने पोसले जाते, असे त्यांचे निदान होते. ब्राझीलचे आउगुस्तो बोआल यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पीडितांच्या रंगभूमीची मांडणी केली आणि प्रेक्षकाला कृतीचा हक्क दिला. या नावांचा उल्लेख 'हे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणण्यासाठी नव्हे. तसे म्हणणे खोटे ठरेल. कारण बोआल यांचा प्रेक्षक प्रसंगाचा शेवट बदलू शकतो, गाडगेबाबांचा प्रेक्षक बदलू शकत नाही. तुलनेचा उपयोग वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जागतिक रंगविचाराने ज्या प्रश्नांना रंगभूमीचे मूलभूत प्रश्न मानले, म्हणजे जागा कोणाची, मोल कशाचे, बोलण्याचा हक्क कोणाचा, तेच प्रश्न वऱ्हाडातील मैदानात प्रत्यक्ष सोडवले जात होते. मराठी समीक्षेने त्यांना रंगभूमीचे प्रश्न म्हणून ओळखले नाही, एवढेच.

७

ओळखले न जाण्याची किंमत पुराव्यांच्या क्षेत्रात मोजावी लागली. ज्या प्रयोगाला संहिता नाही त्याची स्मृती कशी राखायची, हा प्रश्न वऱ्हाडाने सात शतकांपूर्वी एकदा सोडवला होता. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून, स्थळ, प्रसंग आणि बोलणाऱ्याचे शब्द यांची नोंद त्यांनी केली. 'लीळाचरित्रा'त विचारणाराही आहे आणि उत्तर देणाराही आहे; संवाद संवाद म्हणूनच टिकला आहे.

गाडगेबाबांच्या कीर्तनांना असा संग्राहक लाभला नाही. प्रबोधनकार ठाकरे यांचे चरित्र १९५२ मध्ये, त्यांच्या हयातीतच आले, गो. नी. दांडेकर यांनी सहवासातून त्यांच्याविषयी लिहिले. या लेखनाचे मोल निर्विवाद आहे, परंतु त्याचा केंद्रबिंदू व्यक्ती हा आहे. समुदाय तेथे पार्श्वभूमीला असतो. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, आणि आज प्रत्यक्ष आवाजाचा मुख्य आधार तेच आहे. त्या मुद्रणात प्रश्नामागून येणारा समुदायाचा आवाज ऐकू येतो. छापील रूपात आणताना मात्र तो आवाज कंसात जातो किंवा गळून पडतो, आणि संवादाचे प्रवचन होते. अर्ध्या नटांचे शब्द गाळून छापलेल्या नाटकासारखी ही संहिता आहे. शिवाय हे कीर्तन वऱ्हाडातील नाही, महानगरातील आहे. ज्या मैदानांवर हे रूप घडले तेथील प्रयोगाचे चित्र त्यावरून अनुमानानेच उभे करावे लागते.

त्यानंतर सहा आठवड्यांतच, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांचे निधन झाले. पुढील काळात त्यांची सार्वजनिक स्मृती वाढत गेली. १९७७ मध्ये राजदत्त यांच्या 'देवकीनंदन गोपाला' या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी त्यांची भूमिका केली; मैदानातील कीर्तन तिकिटाच्या पडद्यावर आले. २००० मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. या स्मृतीत खराटा टिकला, प्रश्न मागे पडला. खराटा आणि प्रश्न ही एकाच प्रयोगाची दोन अंगे होती. सकाळी गाव झाडणारा हात रात्री मन झाडत होता असे लोक म्हणत, ते या एकसंधतेला उद्देशूनच. त्यांतील एक अंग शासकीय मोहिमेत गेले आणि दुसरे संतवाङ्मयाच्या कप्प्यात गेले, तेव्हा प्रयोग म्हणून जे एक होते ते दुभंगले.

दरम्यान अमरावती आणि अकोला येथे नाट्यगृहे झाली, स्पर्धा होऊ लागल्या, नाट्यसंस्था उभ्या राहिल्या. त्यांचा इतिहास लिहिणे सोपे आहे, कारण त्यांच्याकडे पत्रके, तिकिटे आणि संहिता आहेत. मैदानाकडे यांपैकी काही नाही. त्याच्याकडे आहे ती माणसांची आठवण, आणि ती वयाबरोबर ओसरते आहे. गाडगेबाबांच्या कीर्तनाला ज्यांनी लहानपणी उत्तर दिले त्यांची पिढी आता जवळजवळ संपली आहे. तुकडोजींच्या भजनात गाणाऱ्यांपैकी काही अजून गावोगाव आहेत. त्यांना विचारताना 'महाराज काय म्हणाले' एवढेच विचारून भागणार नाही. मैदान कोणते होते, ते कोणी झाडले, कोण कोणाशेजारी बसले, प्रश्न आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, हे विचारावे लागेल. वऱ्हाडच्या रंगभूमीचा इतिहास लिहिण्याची सामग्री या चार उत्तरांत आहे. आणि ती विचारण्याची रीत कशी असावी, हे रिद्धपूरने केव्हाच घालून दिले आहे.